नमुना ४१७

गाजर माझ्यापर्यंत येतं तेव्हा गाजर उरलेलं नसतं.
गोठवून सुकवलेलं, दळलेलं,
चिमूटभर फिकट केशरी पीठ.
त्यातलं तीळभर मी कथिलाच्या डबीत घालते,
इद्रियात बायका झ्लिक्रोफीच्या कडा मुडपतात
तशी डबी चिमट्याने मुडपते
आणि हजार अंशांत जाळते.
गोड होतं का, कुणी विचारलं तर
मला सांगता येणार नाही.

नत्र दोन जातींचं. एक हलकं, एक कणभर जड.
चुंबकाच्या वळणावर हलकं चटकन वळतं,
जड आपलं सरळच जाऊ पाहतं, अडेल बैलासारखं.
शेणाच्या ढिगातून आधी हलकं उडतं
(गोठ्याच्या दाराशी डोळ्यांत झोंबतं ना,
ते हेच, घर सोडून निघालेलं)
मागे राहतं ते जड, आणि मुळं तेच पितात.
कारखान्यातलं खत मात्र हवेतून ओढलेलं,
हवेच्याच वजनाचं, शून्याच्या आसपास.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
ल्युब्ल्यानातली आमची तीन मजली प्रयोगशाळा
या एका म्हणीवर उभी आहे.

४१७ : एक पूर्णांक नऊ.
शेतकरी आलोइझ व्रेच्को, प्तुयच्या खाली, द्रावाकाठी.
लेबल सेंद्रिय, भाव दुप्पट.
पुन्हा जाळलं. एक पूर्णांक आठ.
रसातलं पाणी तपासलं.
आद्रियातिकवरून निघालेला ढग
चढावर ओझं टाकावं तसे जड थेंब आधी टाकत येतो;
उरलेला पाऊस तिथलाच होता.
स्ट्रॉन्शियमही म्हणालं, दगड तिथलाच.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं :
गाव खरं, माणूस खोटा.
वाक्य मला आवडलंही होतं.

तो बसने आला. वकील नाही, चिडचिड नाही,
हातात ब्रेडची रिकामी पिशवी, तळाशी काहीतरी ओलं.
"एक पूर्णांक नऊ म्हणजे कमी?"
"कमी."
"कशापेक्षा?"
"शेणापेक्षा."
बराच वेळ तो माझ्या मोज्यांकडे बघत राहिला.
"शेण कुठलं आता," म्हणाला.
"ब्रेडा गेली, आणि पहाटे धारेला उठवेना.
सिव्काला मार्चमध्ये विकलं. तीन वर्षं झाली."

मग पिशवी उपडी केली टेबलावर,
माझ्या पुसून ठेवलेल्या, परीटघडीच्या टेबलावर.
तांबडं क्लोव्हर, मुळांसकट, मातीसकट.
मुळांवर मोहरीएवढ्या गाठी.
एक त्याने नखाने फोडली. आत लालसर,
कोवळ्या हिरडीसारखी.
"हे हवाच खातं," तो म्हणाला, "हे गाडतो, वर गाजर लावतो."

मला माहीत होतं.
प्रशिक्षणाच्या वहीत एका ओळीत होतं :
शेंगवर्गीय पिकानंतर आकडा फसवू शकतो.
त्या ओळीवर बोट ठेवायला
कुणीतरी दीडशे किलोमीटर बसने यावं लागलं.

तो गेल्यावर मी क्लोव्हरचं पान सुकवलं, दळलं, जाळलं.
शून्याला थोडं कमी. हवा.
याने तो खरा ठरत नाही.
क्लोव्हरच्या आड एखादं पोतं युरियाही लपू शकतं,
दोघांचं वजन एकच, माझं यंत्र दोघांना एकाच नावाने हाक मारतं.

अहवालात दोनच चौकटी असतात : सुसंगत, विसंगत.
मी दोन्ही कोऱ्या ठेवून खाली लिहिलं,
"आकड्यावरून सांगता येत नाही. शेत बघावं."
त्रात्निकसाहेबांनी कागद परत पाठवला,
असा कोड प्रणालीत नाही म्हणून.
मी परत तेच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

टेबलावरची माती अजून तिथेच आहे.
संध्याकाळी झाडायला येणाऱ्या मिलेनाला सांगितलंय,
एवढा कोपरा राहू दे.